जुन्या मालमोटारींतील विजेचा पेट्रोल-पंप

धुळ्याहून आग्रा रस्त्यानें उत्तरेकडे निघालें म्हणजे सोनगीर, नरडाणा हीं गांवें मागें टाकून तापी ओलांडावी लागते, आणि सुमारें ५० किलोमीटरांवर शिरपूर येतें. पूर्वीं राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ म्हणून ओळखला जाणारा हा रस्ता आतां क्रमांक ५२ चा झाला आहे. शिरपूर सोडल्यावर तो हाडाखेड, पळासनेर करीत सातपुड्याच्या पायथ्याशीं जातो, आणि पुढें बिजासनचा घाट चढून सेंधव्यास पोंचतो. दक्षिणेकडून येणाऱ्या मालमोटारीला घाट लागण्यापूर्वींचें मोठें असें गांव म्हणजे शिरपूरच. तेव्हां गाडीचें पाणी, तेल, टायर पाहून घ्यावयाचे ते येथें, आणि इंजिनानें कांहीं कुरकुर मांडली असेल तर मिस्त्रीला गांठावयाचें तेंही येथें. अशा मिस्त्रीसमोर कधींमधीं येऊन उभ्या राहणाऱ्या एका कामाचा विचार येथें करावयाचा आहे. तें काम म्हणजे जुन्या, पेट्रोलवर चालणाऱ्या मालमोटारीला विजेचा पेट्रोल-पंप बसविणें.

आज या रस्त्यानें जाणाऱ्या मालमोटारी बहुतेक सर्व डिझेलच्या आहेत. टाटांनीं डेमलर-बेन्झ या जर्मन कंपनीच्या सहकार्यानें १९५४ सालीं जमशेदपूर येथें ट्रक बांधण्यास आरंभ केला, आणि तेव्हांपासून पेट्रोलची मालमोटार हळूहळू मागें पडत गेली. त्यापूर्वींचा काळ पेट्रोलचा होता. दुसरें महायुद्ध संपल्यावर लष्करानें विकून टाकलेल्या शेव्हरले, फोर्ड व डॉज गाड्या मालवाहतुकीस लागल्या. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून डॉज व फार्गो हे ट्रक निघूं लागले. पुढेंही जबलपूरच्या लष्करी वाहन-कारखान्यांत निसानच्या नमुन्याची एक-टनी गाडी व जोंगा हीं पेट्रोलचीं वाहनें कित्येक वर्षें बांधलीं गेलीं, आणि लष्करानें निकालांत काढल्यावर तीं लिलावांतून खाजगी मालकांच्या हातीं आलीं. अशा गाड्या थोड्या उरल्या आहेत, पण ज्यांच्या आहेत त्यांचा त्यांवर जीव आहे. डिझेल गाडीचा विचार अगदीं निराळा. पुढील विवेचन तिला लागू करूं नये.

जुन्या गाडीचा मूळचा पंप इंजिनाच्या कुशींत बसविलेला असतो. इंजिनांतील कॅमच्या दांड्यावरचा उंचवटा एक तरफ दाबतो, तरफ रबरी कापडाचा एक पडदा खालीं ओढते, आणि त्या ओढीनें मागच्या टाकींतील पेट्रोल पुढें खेंचलें जातें. मग स्प्रिंगच्या जोरानें पडदा वर येतो व पेट्रोल कार्बोरेटरमध्यें ढकलतो. योजना साधी व टिकाऊ आहे, पण खानदेशच्या उन्हाळ्यांत तिची कसोटी लागते. वैशाखांत येथें पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. पेट्रोलांतील हलका अंश तर ३५ ते ४० अंशांच्या सुमारासच उकळूं लागतो. त्यांतून टाकीपासून पंपापर्यंतची सगळी नळी ओढीखालीं, म्हणजे हवेच्या दाबाहून कमी दाबाखालीं असते, आणि दाब कमी झाला कीं द्रव अधिकच लौकर उकळतो. नळींत वाफ धरली म्हणजे पंप वाफच ओढीत बसतो, आणि भरलेली गाडी घाटाच्या मध्यावर आचके देऊन उभी राहते. मग ओलें फडकें पंपावर गुंडाळून अर्धा तास सांवलीची वाट पाहणें, हा जुन्या चालकांचा ठरलेला उपाय. त्यांत अलीकडे आणखी एक कारण येऊन मिळालें आहे. २०२५ पासून देशभर मिळणाऱ्या पेट्रोलांत इथेनॉलचें प्रमाण २० टक्क्यांपर्यंत आलें आहे, आणि जुन्या पडद्याचें व नळ्यांचें रबर त्यासाठीं केलेलें नाहीं. तें फुगतें, मऊ पडतें, किंवा चिरतें. पडदा फाटला कीं पेट्रोल इंजिनच्या तेलांत उतरतें, तेल पातळ होतें, आणि बेअरिंगांचा नाश ओढवतो.

टाकीजवळ बसविलेला विजेचा पंप या दुखण्यावर चांगला उतारा आहे. तो पेट्रोल ओढीत नाहीं, ढकलतो. नळींत ओढीऐवजीं दाब राहतो, आणि दाबाखालीं पेट्रोल सहजासहजीं उकळत नाहीं. इंजिनाच्या उष्णतेपासूनही तो दूर असतो. येथपर्यंत सर्व ठीक. परंतु जुन्या पंपांत एक गुण होता, जो बहुधा कोणाच्या लक्षांत येत नाहीं, कारण त्यासाठीं कोणी कांहीं केलेलें नव्हतें. तो इंजिनानें चालत असे, म्हणून इंजिन थांबलें कीं तोही थांबे. गाडी उलटो, आदळो, कार्बोरेटरकडे जाणारी नळी तुटो. इंजिन बंद पडलें कीं पेट्रोलचा ओघ बंद. विजेच्या पंपाला इंजिन चालूं आहे कीं नाहीं हें ठाऊकच नसतें. त्याला वीज मिळते तोंवर तो पेट्रोल ढकलीत राहतो, मग तें पेट्रोल कार्बोरेटरांत जावो कीं तापून लाल झालेल्या सायलेन्सरच्या नळीवर पडो.

याचा अर्थ किती भयंकर आहे तें घाटाचा रस्ता ज्यांनीं पाहिला आहे त्यांस सांगावयास नको. ४ जुलै २०२३ रोजीं पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेला एक ट्रक वाहनांना धडका देत रस्त्याकडेच्या हॉटेलांत शिरला व कित्येक माणसें प्राणांस मुकलीं. त्या अपघाताचा पेट्रोल-पंपाशीं कांहीं संबंध नव्हता; पण या उतारावर गाडी कशी हाताबाहेर जाते हें त्यावरून कळतें. अशा गाडींत चालक स्टिअरिंगमागें अडकला आहे, चावी तशीच लागलेली आहे, आणि मागें पंप आपला इमानेंइतबारें चालूं आहे, एवढी कल्पना पुरे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षां तिपटी-चौपटीनें जड असते. ती उडून न जातां जमिनीलगत पसरते, आणि उणें ४० अंशांच्या आसपासच्या थंडींतही पेट घेऊं शकते. हौद्यांत कापूस असेल तर, आणि खानदेशांत दिवाळीनंतर तो असतोच, पुढचें बोलावयास नको.

आतां होतें काय कीं, चालकाला घाई असते. "मिस्त्री, चावीवरून एक तार काढा आणि पंपाला जोडून द्या, म्हणजे झालें," असें तो म्हणतो. मिस्त्री जाणता असला तर म्हणतो, "भाऊ, पंप चालेल हो, पण गाडी पडली तर तो थांबवणार कोण?" या प्रश्नाचें उत्तर तारांनींच द्यावें लागतें. विजेच्या पंपाच्या जोडणींतील सारें शहाणपण एवढेंच आहे कीं, इंजिन चालूं आहे ही बातमी पंपाला पोंचली पाहिजे आणि तें थांबलें ही बातमीही.

पंप निवडतांना एक गोष्ट आधीं पाहावी. कार्बोरेटरला चौरस इंचास ३ ते ४ पौंड एवढाच दाब मानवतो. नव्या मोटारींच्या इंजेक्शन-पद्धतीचे पंप ४० पौंड व त्याहून अधिक दाब देतात. भंगारांतून स्वस्त मिळाला म्हणून तसला पंप बसविला तर कार्बोरेटरांतील सुई तो दाब अडवूं शकत नाहीं, आणि पेट्रोल वरून ओसंडून तापलेल्या इंजिनावर सांडतें. पंपाची जागा टाकीजवळ, शक्यतों टाकीच्या तळाच्या पातळीखालीं, चॅसीच्या आंतल्या बाजूस व सायलेन्सरपासून दूर असावी, आणि त्याच्या आधीं एक गाळणी असावी. जुना पंप काढून त्या भोकावर पत्रा व गॅस्केट बसवावें. तो तसाच मार्गांत ठेवला तर त्याचा फाटका पडदा नव्या दाबानें दुप्पट पेट्रोल तेलांत सोडील.

तारा जोडण्यापूर्वीं बॅटरीची अर्थची, म्हणजे चॅसीला जोडलेली तार सोडावी. ही नेहमीं ऋण टोंकाचीच असेल असें मात्र समजूं नये. जुन्या इंग्रजी गाड्यांत आणि १९५५ पर्यंतच्या अमेरिकन फोर्ड गाड्यांत धन टोंक चॅसीला जोडलेलें आढळतें. त्या फोर्डची वीजही १२ व्होल्टांची नसून ६ व्होल्टांची. लष्करांतून आलेल्या कांहीं गाड्यांत २४ व्होल्ट असतात. पंपावर जो आंकडा व जें चिन्ह असेल तें गाडीशीं ताडून पाहिल्याशिवाय हात लावूं नये. उलट जोडलेला मोटारीचा पंप उलटा फिरतो, आणि आंत इलेक्ट्रॉनिक भाग असलेला पंप कायमचा जळतो.

मुख्य वीज बॅटरीच्या टोंकावरून स्वतंत्र तारेनें घ्यावी, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावरच फ्यूज बसवावा. फ्यूज पंपाजवळ बसविला तर मधली सगळी तार उघड्यावर पडते. ती कोठें घांसून चॅसीला लागली तर फ्यूजला पत्ताही लागत नाहीं आणि तार निखाऱ्यासारखी तापते. फ्यूज हा पंपाचा नव्हे, तारेचा रक्षक आहे. ३-४ अँपिअर घेणाऱ्या पंपाला साडेसात अँपिअरचा फ्यूज पुरतो. तो पुनःपुन्हां जात असेल तर दोष शोधावा. सिगारेटच्या पाकिटांतली चांदी गुंडाळून वेळ मारून नेण्याची जी कला रस्त्यांवर प्रसिद्ध आहे, तिच्यापायीं किती गाड्या जळाल्या असतील तें देव जाणे.

फ्यूजवरून वीज रिलेकडे न्यावी. रिले म्हणजे छोट्या विजेनें चालणारें मोठ्या विजेचें दार. त्याच्या बुडाशीं आंकडे कोरलेले असतात: ३० वर बॅटरीची तार यावी, ८७ वरून पंपाकडे जावी, आणि ८५ व ८६ या त्याच्या आंतल्या वेटोळ्याच्या दोन टोंकांपैकीं एक चॅसीला व दुसरें हुकूम देणाऱ्या तारेला जोडावें. हा हुकूम कोणी द्यावयाचा, हाच खरा प्रश्न. तो नुसत्या चावीनें देतां कामा नये. इंजिन फिरत आहे याची गाडींतली सर्वांत साधी खूण म्हणजे तेलाचा दाब. इंजिन फिरलें तर तेलाला दाब येतो, थांबलें तर क्षणांत उतरतो. म्हणून तेलाच्या मार्गावर टी-जोड बसवून त्यांत तेलाच्या दाबानें जुळणारा एक स्विच लावावा, आणि चावीची वीज त्या स्विचांतून रिलेकडे जाऊं द्यावी. दिवा लावणारा नेहमींचा स्विच येथें उपयोगी नाहीं. तो दाब आल्यावर वीज तोडतो, येथें दाब आल्यावर जोडणारा हवा. पंपाची सगळी वीज थेट या स्विचांतून नेण्याचा मोहही टाळावा. त्याचीं टोंकें नाजूक असतात, तीं जळतात किंवा एकमेकांस चिकटून बसतात. चावीची वीज घेतांनाही इग्निशन कॉइलच्या टोंकावरून घेऊं नये. अनेक गाड्यांत कॉइलच्या आधीं एक रोध असतो, आणि त्याच्या पलीकडे पुरते व्होल्ट उरत नाहींत. चावीच्या मागून, फ्यूज असलेल्या टोंकावरूनच ती घ्यावी.

येथें एक पेंच उत्पन्न होतो. इंजिन सुरू होईपर्यंत तेलाला दाब नाहीं, दाब नाहीं म्हणून पंप नाहीं, आणि पंप नाहीं म्हणून, कार्बोरेटर कोरडें असेल तर, इंजिन सुरू होत नाहीं. सेल्फ मारीत असतांना पंपाला वीज मिळाली पाहिजे. बरेच जण सेल्फच्या सोलेनॉइडची हुकुमाची तार सरळ रिलेच्या त्याच टोंकाला आणून जोडतात व काम संपलें असें समजतात. पण इंजिन सुरू होऊन तेलाचा स्विच जुळला कीं चावीची वीज त्याच तारेनें उलट सोलेनॉइडकडे शिरते, आणि चावी सोडली तरी सेल्फ फिरतच राहतो. दांते झिजतात, सेल्फ जळतो, आणि मिस्त्री बिचारा सेल्फमध्यें दोष शोधीत बसतो. यासाठीं तीन टोंकांचा तेल-स्विच मिळतो. त्याचें एक टोंक सेल्फकडे, एक चावीकडे व एक रिलेकडे. दाब नसतांना सेल्फ व रिले यांची जोड असते. दाब येतांच ती तुटून चावी व रिले यांची जोड होते. दोन्ही वाटा एकाच वेळीं कधींच उघड्या नसतात, म्हणून वीज उलट जात नाहीं.

तसा स्विच न मिळाल्यास चावीच्या टोंकावरून रिलेकडे, तेल-स्विचला वळसा घालून, एक दाबबटण द्यावें. सेल्फ मारण्यापूर्वीं तें क्षणभर दाबून धरलें कीं कार्बोरेटर भरतें. मात्र तें बोट उचलतांच परत येणारें असावें. टिचकीचा, लावून ठेवतां येणारा स्विच तेथें बसविला तर कोणी तरी तो लावून ठेवणारच, आणि मग तेलाचा स्विच असून नसल्यासारखा. कंटाळलेल्या चालकानें बटणांत आगकाडी खुपसून ठेवणें हाही त्यांतलाच प्रकार आहे.

तेलाचा स्विच इंजिन बंद पडल्याची बातमी देतो. पण गाडी आदळूनही इंजिन कांहीं वेळ फिरत राहिलें तर? त्यासाठीं दुसरा पहारेकरी ठेवावा. धक्क्यानें तुटणारा स्विच इंजेक्शनच्या पुष्कळ मोटारींत असतो व सुट्या भागांच्या दुकानांत मिळतो. त्याच्या आंत शंकूसारख्या खळग्यांत पोलादाची एक गोळी लोहचुंबकानें धरून ठेवलेली असते. जोराचा आघात झाला कीं गोळी चुंबकाची पकड सोडून वर चढते, एका पट्टीवर आदळते, आणि वीज तुटते. पुन्हां चालूं करण्यास वरचें बटण हातानें दाबावें लागतें. हा स्विच केबिनमध्यें, पक्क्या पत्र्यावर, उभा बसवावा. डुगडुगत्या पत्र्यावर लावला तर खड्ड्याखड्ड्याला पंप बंद पडेल आणि चालक वैतागून तो काढूनच टाकील. तो रिलेच्या हुकुमाच्या तारेंत न घालतां ८७ पासून पंपाकडे जाणाऱ्या मुख्य तारेंत घालणें बरें. म्हणजे रिलेचीं टोंकें चिकटलीं असलीं तरी वीज तुटतेच. एवढी वीज सोसणारा स्विच पाहून घ्यावा, हें ओघानें आलेंच.

तारेच्या जाडीबद्दल पुष्कळांची समजूत अशी कीं, लहान पंपाला लहान तार चालते. हिशेब करून पाहावा. मालमोटारींत बॅटरीपासून टाकीपर्यंत सहज ६ मीटर अंतर पडतें. जाऊन-येऊन १२ मीटर. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेंत एवढ्या लांबीला सुमारें ०.२१ ओहम रोध होतो, आणि ५ अँपिअर वाहूं लागल्यावर एक व्होल्टाहून अधिक तेथेंच गळतो. अडीच चौरस मिलिमीटरची तार घेतली तर ही गळती ०.४ व्होल्टाच्या आसपास राहते. सहा व्होल्टांच्या गाडींत हा फरक पंप चालण्या-न चालण्याचा आहे. परतीची तारही विसरूं नये. कंप बसूं नये म्हणून पंप रबरावर बसवितात, आणि रबरांतून वीज जात नाहीं. तेव्हां त्याला वेगळी अर्थ-तार द्यावी, व ती जेथें कसावयाची ती जागा रंग-गंज खरवडून उघड्या लोखंडावर घ्यावी. पत्र्यांतून तार जाते त्या प्रत्येक भोकाला रबरी कडें हवें. जोड पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेले नसावेत. थिंबल दाबून बसविलेलें असावें, आणि पेट्रोलच्या नळीशेजारीं तर जोडच नसावा. तारेला सायलेन्सरपासून लांब, दर वीतभरावर क्लिपेनें बांधीत न्यावें.

जुन्या मॉरिस मोटारींत एस. यू. कंपनीचा एक पंप असे, त्याची येथें आठवण होते. त्यांत विद्युच्चुंबक पडदा ओढी, आणि प्रत्येक ओढीला टिक् असा आवाज होई. कार्बोरेटर भरलें कीं सुई दार लावी, दाब अडे, आणि टिकटिक थांबे. गाडी उभी असतांना टिकटिक चालूंच राहिली तर पेट्रोल कोठें तरी गळत आहे हें चालकाला कानांनींच कळे. आजच्या फिरत्या पंपाची घरघर सारखीच चालते, म्हणून ही सोय गेली. पण कान लावण्याची संवय ठेवण्यास हरकत नाहीं.

काम संपल्यावर बॅटरीची अर्थ-तार सर्वांत शेवटीं जोडावी, तीही गाडी उघड्यावर ओढून, सांडलेलें पेट्रोल पुसून व वाळू देऊन, आणि जवळपास कोणाची विडी नाहीं हें पाहून. मग परीक्षा. चावी लावावी, सेल्फ मारूं नये: पंप मुका राहिला पाहिजे. सेल्फ मारावा: पंप बोलला पाहिजे, व इंजिन सुरू झाल्यावर बोलत राहिला पाहिजे. चावी सोडल्यावर सेल्फ सुटला कीं नाहीं तें पाहावें. त्यानंतरची परीक्षा महत्त्वाची, आणि ती बहुतेक ठिकाणीं होत नाहीं. चाकांना उटी लावून, ब्रेक दाबून, मोकळ्या जागीं गाडी वरच्या गिअरमध्यें घालावी व क्लच हळूहळू सोडून इंजिन बंद पाडावें, चावी मात्र लागलेलीच ठेवावी. दोन-चार सेकंदांत पंपाचा आवाज थांबला पाहिजे. न थांबल्यास तेलाचा स्विच चिकटला आहे, किंवा कोणी तरी त्याला वळसा घातला आहे. तो दोष निघेपर्यंत गाडी मालकाच्या स्वाधीन करूं नये. शेवटीं इंजिन चालूं असतां धक्क्याचा स्विच काढून तळहातावर आपटून पाहावा: पंप थांबून, कार्बोरेटरांतलें उरलेलें पेट्रोल संपलें कीं इंजिन बंद पडलें पाहिजे.

मग स्विच परत पक्का बसवावा, आणि त्याची जागा, फ्यूजची जागा व फ्यूजचा आंकडा केबिनच्या दारावर आंतून रंगानें लिहून ठेवावा. घाटांत, रात्रीं, खड्ड्याच्या हिसक्यानें पंप बंद पडला तर तें लिहिलेलें वाचणारा मिस्त्री नसेल, चालकच असेल. आणि बटण पुन्हां दाबण्यापूर्वीं खालीं वाकून, नाकानें पेट्रोलचा वास घेऊन, नळ्या जागेवर आहेत कीं नाहींत हें त्यालाच पाहावयाचें आहे.